भाच्याच्या डोक्याचा नकाशा

प्रश्न असा होता : सांगलीच्या एका डॉक्टरांनी माझ्या भाच्यासाठी केशरोपणाचा जो आराखडा आखून दिला होता, तो पुरेसा आहे की नाही?

प्रश्न छोटा आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येईल, असे मला पहिल्या दिवशी वाटले होते. माझे आयुष्य साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेले. प्रश्न नीट वाचावा, काय दिले आहे आणि काय विचारले आहे ते वेगळे करावे, मगच पेन उचलावे, हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले. या प्रश्नातल्या ‘पुरेसा’ या शब्दापाशी मात्र मी जवळजवळ अख्खा हिवाळा रेंगाळले. त्या दिवसांची आठवण येते तीही सकाळच्या धुक्यातल्या डोंगरासारखी. मधला भाग दिसत नाही, आणि कुठलीतरी एक कड मात्र उन्हात स्वच्छ उभी असते.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता मुलगा. इस्लामपूरच्या बाजूला, कृष्णेकाठच्या गावात त्यांची उसाची शेती आहे, आणि तो साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी करतो. फडाच्या कडेने फिरून एकरी किती टन ऊस निघेल याचा अंदाज करणे हे त्याचे काम. तिशी अजून लांब होती, पण कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकत चालले होते. फडातल्या उन्हासाठी घेतलेली टोपी तो घरात आल्यावरही काढीत नसे. जेवताना काढ म्हटले, तर ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाई.

त्या रविवारी तो सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला आला. आराखडा एका पारदर्शक पिशवीत होता. कागदावर डोक्याचे दोन छापील आकार, एक समोरून आणि एक मागून. समोरच्या आकारावर निळ्या शाईने कपाळाची नवी रेषा काढलेली. मागच्या आकारावर एक लांबट चौकोन, म्हणजे केस जिथून काढायचे ती जागा. खाली आकडा : दोन हजार ग्राफ्ट. ग्राफ्ट म्हणजे एक ते तीन-चार केसांचा मुळासकट काढलेला पुंजका. हे एवढे समजले की बाकीचे समजायला कठीण नाही.

“मावशे, तू बघ आणि सांग,” तो म्हणाला. “गावात सगळी म्हणत्यात, आकडा कमी हाय.”

“सगळी म्हणजे कोण?”

“आई, चुलता, चावडीम्होरचं सलूनवालं. आणि फोन आला की ज्यो बोलंल त्यो.”

तेवढ्यात खरोखरच बहिणीचा फोन आला. “अक्का, दोन हजारात काय हुतंय गं?” ती म्हणाली. “वरच्या गल्लीतल्या पोरानं चार हजार लावून घेतलं. आपलाच का कमी? तू शिकलेली हायस, डॉक्टरास्नी नीट सांग.”

मी म्हणाले, “आधी मोजू. मग सांगू.”

माझ्या गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो. हिवाळ्यात दुपारचे ऊन तिथे इतके मऊ असते, की चटईवर बसलेला माणूस आपण काय करायला वर आलो होतो तेच विसरतो. भाच्याला मी कठड्याला टेकवून बसवले. पुस्तकांना घालायच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा त्याच्या माथ्यावर ठेवला, डॉक्टरांच्या रेषेप्रमाणे पुढची कड आखली आणि जिथून त्याचे स्वतःचे केस सुरू होत होते तिथे मागची कड.

“मावशे, डोकं हाय, भारताचा नकाशा न्हाई.”

“हलू नकोस. सीमा सरकते.”

इथे एक अडचण येते, ती सांगितली पाहिजे. डोके गोल असते आणि कागद सपाट. गोलावरचे सपाटीवर उतरवताना कुठे तरी ताण पडतो, कुठे तरी सुरकुती येते. पृथ्वीचे नकाशे काढणाऱ्यांनाही यातून सुटका मिळालेली नाही. मी प्लॅस्टिकला कडेने बारीक चिरा दिल्या, तेव्हा ते डोक्यावर बसले. मग तो आकार आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायला घेतले. अर्ध्याहून मोठा तुकडा पूर्ण धरायचा, अर्ध्याहून लहान सोडून द्यायचा. हा नियम मुलांना शिकवताना मला नेहमी एक शंका वाटे, की सोडून दिलेले तुकडे जातात कुठे. त्या दुपारी ती शंका पुन्हा आली आणि उन्हात विरून गेली.

चौकोन पन्नासच्या आसपास भरले, म्हणजे पन्नास चौरस सेंटिमीटर. दोन हजारांना पन्नासाने भागले तर एका चौरस सेंटिमीटरला चाळीस पुंजके येतात. आता हे चाळीस कमी की जास्त, हे ठरवायला तुलना हवी. मी पुठ्ठ्याला एका चौरस सेंटिमीटरची खिडकी कापली, ती त्याच्या डोक्याच्या मागे दाट केसांत धरली आणि नकाशे वाचायच्या भिंगातून पुंजके मोजले. तीन ठिकाणी मोजले. दर वेळी ऐंशीच्या आगेमागे आले. मूळच्या दाटीच्या साधारण निम्मी दाटी आली तरी पाहणाऱ्याच्या डोळ्याला केस भरलेले वाटतात, असे मी वाचले होते. ऐंशीचे निम्मे चाळीस. हिशेब इतका नेमका जुळला, की मी आराखड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने ‘बरोबर’ची खूण केली.

भिंगाखाली ते केस पाहताना किती वेळ गेला कोण जाणे. एकेका पुंजक्यातून दोन-तीन केस वर येऊन एकाच दिशेला झुकलेले, मधून त्वचेची फिकट जमीन. वाऱ्याची झुळूक आली की सगळे एकदम हलत. गडावरून ढगाची सावली उतरत होती, ती आमच्या गच्चीवरून गेली, त्याच्या डोक्यावरूनही गेली. भाच्याला डुलकी लागली होती. तो लहान असताना सुट्टीत इथे येई आणि याच चटईवर झोपे. तेव्हा त्याच्या जावळातून हात फिरवला की बोटे दिसत नसत.

तो जागा झाला तेव्हा मी निळ्या रेषेवर बोट ठेवून विचारले, “ही एवढी खाली का? डॉक्टरांनी ठरवली?”

“न्हाई. मी सांगितली.” त्याने फोन उघडून एक चित्र दाखवले. बहिणीच्या घराच्या पुढच्या सोप्यात लावलेला त्याच्या वडिलांचा फोटो. “पप्पांच्या फोटोवरनं काढून घेतली.”

त्याचे वडील तो पाळण्यात असताना आजारपणाने गेले. फोटोत ते भाच्याच्या आताच्या वयाचेही नाहीत. दाट केस, उजवीकडे भांग, कपाळ अरुंद. भाच्याला आठवणीतले वडील नाहीत, आहेत ते एवढेच, चौकटीतले.

“आई म्हणायची, तू पप्पांवर गेलायस,” तो म्हणाला. “धा-बारा वरसांमागं मी आरशात बघायचो तवा दिसायचं बी तसं. आता बघितलं की वाटतंय, पप्पांवर गेलेलो मी परत आलोय.”

हे तो हसत म्हणाला. मी आराखड्याकडे पुन्हा पाहिले. आता त्या निळ्या रेषेकडे भूमितीच्या नजरेने पाहणे मला अवघड जाऊ लागले.

“आकडा पुरेसा आहे,” मी म्हणाले. “या जागेपुरता पुरेसा आहे.”

“तरी तू डॉक्टरास्नी सांग, वाढवा म्हणून. वाढवायला काय जातंय? मागं लय हाईत.”

“मागचे संपतील ना.”

“कशानं संपत्यात? मागं खोडवा हाय की.”

मला क्षणभर कळले नाही. त्याने मग सावकाश, एखाद्या नव्या शेतकऱ्याला सांगावे तसे सांगितले. लागणीचा ऊस तोडला, की जमिनीत बुडखा राहतो. त्याला पाणी दिले की तो पुन्हा फुटतो, आणि नवी लागण न करता दुसरे पीक हाती येते. त्याला खोडवा म्हणतात. “मागनं काढायचं, म्होरं लावायचं. मागं परत फुटतंय. नीट राखलं तर दोन खोडवं सहज निघत्यात. चुलता बी त्येच म्हणाला.”

डॉक्टरांनी असे काही सांगितले नव्हते. पण घरच्यांनी विचारलेही नव्हते, कारण विचारण्यासारखे त्यांना त्यात काही वाटलेच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ऊस काढलेल्या घराला तोडलेले पुन्हा फुटते हे सूर्योदयासारखे माहीत असते. गावात ज्याने ज्याने तो आकडा कमी ठरवला, त्या प्रत्येकाने मनातल्या मनात हाच हिशेब केला होता.

मी विचारले, “खोडव्यासाठी ऊस कुठून तोडतात?”

“जिमिनीलगत.”

“आणि खाली काय राहतं?”

“बुडखा. मुळ्या.”

“डॉक्टर मागचा केस कसा काढणार आहेत?”

तो उत्तर द्यायला लागला आणि मध्येच थांबला.  खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी लांबत लांबत गेली.

“मुळासकट,” तो म्हणाला.

नोकरीच्या सुरुवातीला मी काही वर्षे पाटणला होते. तिथे पावसाळ्यात भाताचा तरवा करतात. एका लहान वाफ्यात दाट रोपे वाढवायची आणि ती उपटून मोठ्या खाचरात लावायची. लावणी संपल्यावर तो तरव्याचा वाफा कसा दिसतो ते मी त्याला सांगितले : पाण्याने भरलेला, आभाळ दाखवणारा, मोकळा. तिथे आपोआप काही उगवत नाही. उपटून नेलेले रोप दुसरीकडे गेलेले असते.

“म्हंजे जेवढं हाय तेवढंच,” तो म्हणाला.

“तेवढंच. आणि त्यातलंही सगळं काढता येत नाही. मागे टक्कल दिसेल.”

त्याने टोपी घातली. मी पेन्सिलीची ती ‘बरोबर’ची खूण खोडून टाकली. चूक माझ्याही पद्धतीत होती, आणि ती मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी हजार वेळा लाल केलेली होती. दिलेला साठा किती आणि एकूण गरज किती, हे न पाहता मी फक्त आजची जागा मोजली होती. निळ्या रेषेच्या मागे जे केस आज उभे होते ते उद्याही उभे राहतील, असे मी धरून चालले होते. भिंग पुन्हा हातात घेऊन मी त्या जागेवर धरले. केस होते, पण मागच्या केसांपेक्षा कितीतरी बारीक, मिसरूड फुटावे तसे. भोवऱ्यापाशी तर त्वचा सहज दिसत होती.

पुढे लावलेले केस टिकले आणि त्यांच्या मागचे गेले, तर काय होईल? कपाळावर केसांचे एक बेट राहील, त्याच्या मागे उघडे पाणी. ते भरायला पुन्हा मागून केस काढावे लागतील, आणि तोवर मागचे संपलेले असतील. तेव्हा खरा प्रश्न हा होता : पाणी कुठवर चढणार आहे?

हे शोधायचे तर घराण्यातली डोकी पाहावी लागतात, आईकडची आणि वडिलांकडची दोन्ही. आमच्या माहेरची मला ठाऊक होती. माझ्या भावाचे केस पिकले आहेत, पण गेलेले नाहीत. वडिलांकडे मात्र, चुलता भावकीतला लांबचा असल्यामुळे, पाहायला एक फोटोच होता, आणि फोटोतला माणूस टक्कल पडण्याच्या वयाला पोचलाच नव्हता. ‘आमच्यात कुणाला टक्कल न्हाई’ असे बहीण इतक्या खात्रीने सांगे, ती याच फोटोच्या भरवशावर.

राहिले आबा, म्हणजे भाच्याचे वडिलांकडचे आजोबा. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांना फार वर्षे झाली. वय ऐंशीच्या पुढे, पाठ अजून ताठ, आणि डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी हाच अडथळा होता. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या पुरुषाची टोपी म्हणजे त्याचा उंबरा. तो आपणहून उघडला तर उघडला. दुसऱ्याने ‘टोपी काढा’ म्हणणे हा अपमान, आणि बाईने म्हणणे तर कुणी ऐकलेलेही नसते. बहिणीला मी फोनवर विचारले, आबांचे डोके कसे आहे? ती गोंधळलीच.

“मला काय म्हाईत? लगीन हून आले तवापासनं मी कवा बघितलंय त्यांचं डोकं? न्हाणीतनं येत्यात ते टोपी घालूनच.”

पुढच्या सुट्टीला मी त्यांच्या गावी गेले. गळिताचा हंगाम भरात होता. वाटेत उसाच्या ट्रॉल्या वाऱ्यावर पाचट उडवत चालल्या होत्या आणि हवेत मळीचा आंबूसगोड वास होता. सोप्यात आबा खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एक मातकट रेघ होती. महापुराच्या वर्षी पाणी तिथवर आले होते. नंतर भिंत दोनदा रंगवली, पण आबांनी तेवढी रेघ रंगवू दिली नाही. रेघेच्या वरच्या बाजूला भाच्याच्या वडिलांचा फोटो टांगलेला होता.

चहा झाला. भाचा खाली मान घालून बसला होता. बोलायचे मलाच होते.

“आबा, एक विचारायचं आहे. राग मानू नका.”

“आवं बाई, मास्तरणीचा राग कोण धरतंय? इचारा.”

“तुमची टोपी काढून डोकं बघायचं आहे.”

आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज एकदम थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिले, मग नातवाकडे.

“पल्टनीत सुदीक टोपी काढाय साहेब लागायचा,” ते म्हणाले. “तुमी कंच्या हुद्द्यावर?”

“भूगोलाच्या.”

“भूगोलात माजं डोकं कवापासनं आलं?”

मी त्यांना आराखडा दाखवला, रेषा दाखवली, खोडव्याची गोष्टही सांगितली. ती ऐकून ते खोकेपर्यंत हसले. “आरं गड्या,” ते नातवाला म्हणाले, “कारखान्याचा पगार घितोस आणि खोडवा वळखत न्हाईस व्हय?”

“तुमी सगळीच त्येच म्हणत हुता,” भाचा पुटपुटला.

“मी म्हणलो? मला कुणी इचारलं?”

मग मी विचारले, “आबा, नदीकाठी घर बांधताना जोतं किती उंच घ्यायचं, हे तुम्ही कसं ठरवता?”

“पाणी कुठवर आलतं ती रेघ बघून. त्येच्या वर घ्यायचं.”

“पाणी ओसरलेलं असलं तरी?”

“वसरल्यालं पाणी बघून जोतं कोण घालतंय?”

“तीच रेघ बघायची आहे,” मी म्हणाले. “ती तुमच्या टोपीखाली आहे.”

 अंगणात उन्हात एक कुत्रे कूस बदलून झोपले. मग आबांनी दोन्ही हात वर नेले, जपून, ठेवणीतले भांडे फळीवरून उतरवावे तसे, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

कपाळ संपतच नव्हते. ते वर जाई, माथ्यावरून मागे वळे, भोवरा जिथे असतो ती जागा ओलांडी आणि मागे पार खाली उतरे. कानांवरून मागे गेलेली पांढऱ्या केसांची एक अरुंद किनार तेवढी उरली होती. टोपीच्या खुणेच्या खालचा चेहरा उन्हाने रापून काळा झालेला, आणि वरची त्वचा तान्ह्या मुलाच्या टाळूसारखी गोरी, कधी ऊन न लागलेली. ती इतकी कोवळी दिसत होती की मला तिथे भिंग धरवले नाही. धरायची गरजही नव्हती. डॉक्टरांच्या आराखड्यात केस काढायचा जो चौकोन होता, त्याची वरची बाजू आबांच्या किनारीच्या बरीच वर होती. म्हणजे त्यातले वरचे केस आज दाट असले, तरी ते टिकणाऱ्यांतले असतील असे म्हणता येत नव्हते. न टिकणारा केस उचलून पुढे लावला, तर तो पुढेही आपला स्वभाव सोडत नाही.

बहीण दारात आली होती. तिने पाहिले आणि पदर तोंडाला लावून मान वळवली.

“हे कवा झालं, आबा?” भाच्याने विचारले.

“चाळिशीच्या आत समदं गेलं. पल्टनीत टोपी हुतीच. सुटून आलो, ही घातली.”

“सांगितलं का न्हाई कवा?”

“इचारलं का कवा?” आबा म्हणाले. मग त्यांनी मान वळवून वर फोटोकडे पाहिले. “तुजा बा जगला असता तर आज असाच असता, माज्यावानी.”

भाचा उठला. तो त्या फोटोखाली उभा राहिला आणि आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिला. तो काय पाहत होता, हे मला नेमके सांगता येणार नाही. मला मात्र त्या चौकटीतले अरुंद कपाळ हळूहळू मागे सरकताना दिसले. भांग विरळ झाला, कानशिले मोकळी झाली, आणि एक तरुण माणूस आमच्या डोळ्यांदेखत पन्नाशीला पोचून, टोपी मांडीवर ठेवून, सोप्यात बसला. इतकी वर्षे त्या घरात त्याला कुणी म्हातारे होऊ दिले नव्हते.

आबांनी डोके पुढे वाकवले. भाच्याने त्यावर तळवा ठेवला.

“गार हाय,” तो म्हणाला.

“मग? उगं घालतोय व्हय टोपी?”

यानंतर सांगलीला गेलो ते मी आणि भाचा दोघेच. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझा आलेखाचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि कौतुकाने ठेवून घेतला. आबांच्या डोक्याचे फोटो भाच्याने काढून आणले होते. मागून, बाजूंनी आणि वरून. ते पाहताना डॉक्टरांचा चेहरा बदलला.

“घरात टक्कल आहे का, असं मी विचारलं होतं,” ते म्हणाले.

“न्हाई म्हणून सांगितलेलं,” भाचा म्हणाला. “तवा म्हाईतच नव्हतं.”

डॉक्टरांनी मोठे भिंग लावून त्याचे सगळे डोके पुन्हा तपासले, आणि मी गच्चीवर जे ओबडधोबड पाहिले होते ते नीट पाहिले. मग जुन्या आराखड्यावर आडवी रेघ मारली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. टिकणारे केस मागे एका अरुंद पट्ट्यातच आहेत. ते आयुष्यभर पुरवायचे आहेत. आधी निदान वर्षभर औषधे घेऊन गळती कुठे थांबते ते पाहावे, त्या औषधांचे त्रासही समजून घ्यावेत, आणि मग रोपण केले तरी थोडे करावे. रेषा मात्र वर घ्यावी लागेल.

“किती वर?” भाच्याने विचारले.

डॉक्टरांनी त्याच्या कपाळावर पेनने नवी रेषा काढली. निळ्या रेषेपेक्षा दोन बोटे वर, कानशिलांपाशी मागे वळलेली. आरसा त्याच्या हातात दिला.

त्याने आरसा दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला. मी खिडकीबाहेर पाहत होते. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरही पुराच्या पाण्याची जुनी, पुसट रेघ होती, आणि तिच्यावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली होती.

“पप्पांच्यासारकं न्हाई दिसत,” तो म्हणाला.

  मुलाला उत्तर येत असेल, तर बाईंनी मध्ये बोलू नये.

“म्हंजे फोटोतल्यासारकं,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “फोटोच्या नंतर त्येंची रेषा हितंच कुठंतरी आली असती, न्हाई का मावशे?”

“साधारण इथेच,” मी म्हणाले.

“मग ऱ्हाऊ दे ही.”

तिथून निघून आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती. नदी हिवाळ्यातली, सावकाश वाहणारी, काठापासून दूर गेलेली. भाचा पायरीवर बसला. टोपी त्याने खिशात घातली होती आणि कपाळावरची पेनाची रेषा त्याने पुसली नव्हती. घाटावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले, तो मात्र पाण्याकडे पाहत होता. वारा आला की त्याचे पुढचे बारीक केस उभे राहत आणि पुन्हा बसत.

बहिणीचा फोन आला. “काय म्हणाले डॉक्टर? वाढवला का आकडा?”

“न्हाई गं आई,” तो म्हणाला. “जोतं वर घेतलं.”

आता उत्तर लिहिते. तो आराखडा त्या दिवशीच्या कपाळाला पुरेसा होता आणि पुढच्या डोक्याला अपुरा होता. अपुरा होता तो आकडा लहान असल्यामुळे नव्हे. परत न येणारा साठा त्यात एकाच जागी, फार खालच्या रेषेवर खर्च होत होता, आणि त्यातला काही साठा टिकणारा आहे की नाही हेही कुणी पाहिलेले नव्हते. भाचा सध्या औषध घेतो आहे. रोपण करायचे की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही.

मी डॉक्टर नाही. मी एकच डोके मोजले, तेही प्लॅस्टिकच्या तुकड्याने, आणि माझ्या चौकोनांत सोडून दिलेले तुकडे बरेच आहेत. म्हणून माझ्या उत्तरावर विसंबू नये. असा आराखडा आपल्या घरी आला तर जागा आपण मोजावी, साठा किती आहे ते विचारावे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या टोपीखाली काय आहे ते पाहावे, दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांना दाखवावे, आणि मी वर लिहिलेले सगळे स्वतः तपासून घ्यावे, ही विनंती.